जुना मोबाईल आणि बाहेरचा माइक

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, तेरेखोल नदीच्या काठी, सावंतवाडी तालुक्यातील आरोंदा हे गाव आहे. समोरच्या तीरावर गोव्याच्या पेडणे तालुक्यातील किरणपाणी. ह्या सीमेवरील मुलांच्या कानी घरची मालवणी पडते, पलीकडच्या नातलगांची कोंकणी पडते आणि शाळेत ती प्रमाण मराठी शिकतात. फुगडीची व धालोची गाणी, पाळणे, दशावतारातील पदे, देवापुढे घालावयाचे गाऱ्हाणे, पडवीत बसून सांगितलेल्या गजाली असे मोठे भांडार ह्या भागात आहे; आणि त्याचा बराचसा भाग आज वृद्ध माणसांच्याच तोंडी राहिला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य तेथे निदान पाचवीपर्यंतचे शिक्षण घरच्या भाषेतून व्हावे असे म्हटले आहे. त्या दृष्टीने हे भांडार शाळेच्या उपयोगाचे आहे.

कोकणातील बोलींची नोंद कागदावर बरीच झालेली आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची जी पाहणी केली तिच्यातील कुडाळी बोलीवरील पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि कागदावर शब्द उतरतो, आवाज उतरत नाही. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. प्रत्यक्ष गाणाऱ्या बायांचे ध्वनिमुद्रण मात्र त्यांतील थोड्याच ओव्यांचे झाले, आणि तेही मुख्यतः १९९० नंतरच्या दशकात. उरलेल्या ओव्या आज वाचता येतात, पण त्या कोणत्या चालीवर म्हटल्या, कोठे श्वास घेतला, कोणते अक्षर लांबविले, हे कळण्यास मार्ग नाही.

हे काम करण्याचे साधन आता बहुतेक घरांत पडून असते. नवा मोबाईल आला की जुना कपाटात जातो. त्याची काच तडकलेली असो, त्यात सिमकार्ड नसो, ध्वनिमुद्रणास तो पुरेसा असतो. त्यास जोडावयाचा कॉलर माइकही काही शे रुपयांत मिळतो. अडचण जोडणीची असते. ह्या लेखात सांगावयाची मुख्य गोष्ट एकच आहे: पिन मोबाईलमध्ये बसली म्हणजे माइक जोडला गेला असे नव्हे. तो जोडला गेला की नाही हे मोबाईल पुष्कळदा सांगत नाही. आणि घरी येऊन ऐकावे तेव्हा आजीच्या पाळण्याऐवजी पंख्याची घरघर व कोंबड्याचे आरवणे ऐकू येते. पुन्हा जाऊन गाऊन घेण्याची संधी दर वेळी मिळतेच असे नाही.

१. बाहेरचा माइक कशासाठी?

मोबाईलचा स्वतःचा माइक तोंडाजवळ धरून बोलण्यासाठी केलेला असतो. मोबाईल समोर पाटावर ठेवला आणि बोलणारी व्यक्ती एक मीटरवर बसली, की माइकपर्यंत तिचा आवाज क्षीण होऊन पोहोचतो. पंखा, पाऊस, रस्त्यावरची गाडी आणि भिंतींवरून परतणारा घुमार हे सारे मात्र पूर्ण जोराने येतात. अंतर निम्मे केले की तोंडाकडून येणाऱ्या ध्वनीचा दाब माइकवर सुमारे दुप्पट होतो; खोलीतील गोंगाट होता तेवढाच राहतो. एक मीटरऐवजी पाव मीटरवर, म्हणजे साधारण वीतभर अंतरावर, माइक आणला तर हा लाभ चौपट होतो. माइक महाग असण्यापेक्षा तो जवळ असणे अधिक महत्त्वाचे आहे. छातीशी पदराला वा सदऱ्याला लावलेला स्वस्त कॉलर माइक म्हणूनच समोर ठेवलेल्या महाग मोबाईलपेक्षा बहुधा चांगले काम देतो.

२. पिनेवरील रेघा मोजाव्यात

जुन्या मोबाईलला हेडफोनसाठी साडेतीन मिलिमीटर व्यासाचे गोल सॉकेट असते. त्यात बसणारी पिन वरवर पाहता सारखीच दिसते, परंतु तिचे दोन प्रकार आहेत. पिनेच्या धातूवर काळ्या, क्वचित पांढऱ्या, रेघा असतात. ह्या रेघा वीज न वाहून नेणाऱ्या पदार्थाच्या असून त्या धातूचे निरनिराळे पट्टे एकमेकांपासून वेगळे ठेवतात.

दोन रेघा असल्या तर धातूचे पट्टे तीन होतात. साधे हेडफोन, संगणकाचे वा कॅमेऱ्याचे माइक यांची पिन अशी असते. तीन रेघा असल्या तर पट्टे चार होतात. मोबाईलबरोबर मिळणाऱ्या, बोलण्याची सोय असलेल्या हेडफोनची पिन ह्या प्रकारची असते. चार पट्ट्यांपैकी टोकाचा पट्टा डाव्या कानाचा, दुसरा उजव्या कानाचा. उरलेल्या दोहोंपैकी एक माइकचा व एक सर्वांच्या परतीच्या मार्गाचा, म्हणजे ज्यास कारागीर ‘अर्थ’ वा ‘ग्राउंड’ म्हणतात त्याचा.

म्हणून नियम असा: मोबाईलच्या गोल सॉकेटात थेट घालावयाच्या माइकच्या पिनेवर तीन रेघा असल्याच पाहिजेत. दुकानात माइक घेताना वेष्टनावरील मजकुरापेक्षा ह्या रेघा पाहाव्यात.

३. मोबाईल कसा फसवतो?

दोन रेघांची पिन चार पट्ट्यांच्या सॉकेटात व्यवस्थित बसते, हीच फसवणुकीची जागा आहे. अशा पिनेचा शेवटचा लांब पट्टा सॉकेटातील शेवटच्या दोन्ही संपर्कांना एकदम टेकतो. माइकचा मार्ग व ग्राउंड एकमेकांस जोडले जातात. मोबाईल त्यावरून असा निष्कर्ष काढतो की, कोणी तरी माइक नसलेला साधा हेडफोन लावला आहे. पडद्यावर हेडफोनचे चित्र उमटते, पाहणाऱ्यास वाटते जोडणी झाली. आणि मोबाईल निमूटपणे स्वतःच्याच माइकने मुद्रण करू लागतो. बाहेरचा माइक आजीच्या पदराला लटकलेला असतो, पण त्याचा काहीच उपयोग होत नसतो.

मोबाईल माइकला ओळखतो तो विद्युत्-रोधावरून. कॉलर माइकमध्ये बहुधा इलेक्ट्रेट प्रकारची लहान डबी असते व तिला चालण्यास थोडा दाब लागतो. सुमारे २ व्होल्ट किंवा किंचित अधिक असा हा दाब मोबाईल स्वतः पुरवितो आणि त्याच वेळी समोरचा रोध मोजतो. अँड्रॉइड मोबाईलसाठी ठरविलेल्या मानकाप्रमाणे हा रोध १,००० ओहम किंवा त्याहून अधिक असला तर तो माइक समजला जातो. त्याहून बराच कमी आढळला तर हेडफोनवरील आवाज कमीजास्त करण्याचे किंवा थांबविण्याचे बटण दाबले गेले अशी मोबाईलची समजूत होते.

शाळेतील लाउडस्पीकर संचाचा हातात धरावयाचा माइक मोबाईलला का चालत नाही, ह्याचे कारण यातच आहे. तो माइक बहुधा तारेच्या वेटोळ्याचा, म्हणजे डायनॅमिक जातीचा असतो. त्याचा रोध साधारणपणे काही शे ओहमच असतो आणि त्याचा विद्युत्-संकेतही फार क्षीण असतो. त्याची जाड पिन साडेतीन मिलिमीटरची करून देणारा अडॅप्टर बाजारात मिळतो, पण आकार जुळला तरी वीज जुळत नाही. असा माइक वापरावयाचाच असेल तर मधे स्वतंत्र जोडयंत्र लागते; त्यापेक्षा कॉलर माइक घेणे सोपे व स्वस्त पडते.

४. जुन्या मोबाईलमधील दोन रीती

फार जुन्या मोबाईलच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. चार पट्ट्यांपैकी शेवटच्या दोहोंचा क्रम सर्व कंपन्यांनी प्रथमपासून एकसारखा ठेवला नव्हता. ओएमटीपी नावाच्या रीतीत तिसरा पट्टा माइकचा व चौथा ग्राउंडचा असे. सीटीआयए नावाच्या रीतीत तिसरा ग्राउंडचा व चौथा माइकचा. २०१० च्या सुमारापर्यंतच्या नोकिया, सॅमसंग, सोनी एरिक्सन यांच्या काही मोबाईलमध्ये पहिली रीत आढळते. आयफोन व त्यानंतरचे बहुतेक अँड्रॉइड मोबाईल दुसऱ्या रीतीचे आहेत, आणि आज दुकानांत मिळणारे माइकही प्रायः दुसऱ्याच रीतीचे असतात.

मोबाईल कोणत्या रीतीचा आहे हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. बटण व माइक असलेला आजकालचा हेडफोन त्यास लावून एखादे गाणे ऐकावे. वाद्ये पोकळ, दुरून आल्यासारखी वाटली व गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला, परंतु हेडफोनवरील बटण दाबून धरताच गाणे पूर्ववत ऐकू आले, तर मोबाईल व हेडफोन यांच्या रीती भिन्न आहेत असे समजावे. अशा मोबाईलसाठी शेवटचे दोन पट्टे अदलाबदल करून देणारा लहान अडॅप्टर मिळतो. तो न मिळाल्यास त्या मोबाईलचा नाद सोडून दुसरा जुना मोबाईल शोधावा, हे उत्तम.

५. योग्य जोडणी

माइक दोन रेघांच्या पिनेचा असेल तर तो टाकून देण्याचे कारण नाही. दुकानात ‘स्प्लिटर’ म्हणून मिळणारी, इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभागलेली लहान वायर घ्यावी. तिच्या एका टोकास तीन रेघांची पिन असते व दुसऱ्या बाजूस दोन सॉकेटे असतात. एकावर माइकचे व दुसऱ्यावर हेडफोनचे चित्र असते. माइक त्याच्या चित्राच्या सॉकेटात घालावा. येथे एक सावधगिरी हवी. हुबेहूब अशाच दिसणाऱ्या, पण दोघांनी एकत्र गाणी ऐकण्यासाठी केलेल्या वायरीही असतात. त्यांच्या दोन्ही सॉकेटांवर हेडफोनचेच चित्र असते वा चित्रच नसते. त्या ह्या कामास निरुपयोगी होत.

काही कॉलर माइकांच्या वायरीवर एक डबी व तीवर सरकते बटण असते. बोया कंपनीचा सहा मीटर वायरीचा बीवाय-एम१ हा माइक अशा प्रकारचा आहे. बटणाची एक बाजू मोबाईलसाठी व दुसरी कॅमेऱ्यासाठी असते. डबीतील लहान बटणसेल कॅमेऱ्याच्या वेळी लागतो. मोबाईलला जोडताना बटण मोबाईलच्या बाजूस आहे ना हे पाहावे. ते उलट्या बाजूस राहून गेल्याने पुष्कळ मुद्रणे बिघडतात.

पिन अर्धवट बसणे हेही अपयशाचे एक सामान्य कारण होय. मोबाईलला जाड कव्हर असले तर पिन पूर्ण आत जात नाही. मुद्रणाच्या वेळी कव्हर काढून ठेवावे.

मोबाईलमध्ये ध्वनी घ्यावयाचा असो वा मोबाईलमधील ध्वनी मुलांना ऐकवावयाचा असो, ॲम्प्लिफायरच्या ज्या टोकांस कर्णा जोडला जातो त्या टोकांस मोबाईल कधीही जोडू नये. तेथील वीज मोबाईलला सोसणारी नसते व तो कायमचा निकामी होऊ शकतो. मुलांना ऐकविण्यासाठी मोबाईलच्या हेडफोन सॉकेटातून दोन रेघांच्या पिनेची वायर घेऊन ती ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन इन’ लिहिलेल्या जागी जोडावी, आणि आरंभी दोन्हीकडचा आवाज अगदी कमी ठेवून मग वाढवावा.

६. गोल सॉकेट नसेल किंवा बिघडले असेल तर

चार्जिंगच्या जागेतून जोडावयाचे यूएसबी माइकही मिळतात. ते चालण्यासाठी मोबाईलने बाहेरच्या उपकरणास वीज पुरविली पाहिजे. ह्या सोयीस ‘ओटीजी’ म्हणतात व ती सर्व जुन्या मोबाईलमध्ये नसते. शिवाय यूएसबी माइकला अँड्रॉइडने अधिकृत आधार दिला तो २०१४ मधील ५.० ह्या आवृत्तीपासून. मोबाईलच्या सेटिंगमध्ये त्याहून जुनी आवृत्ती दिसली तर यूएसबी माइकवर पैसा घालू नये.

बिनतारी ब्लूटूथ हेडफोनचा मोह ह्या कामात टाळावा. मुद्रणाची पुष्कळ ॲप त्याचा माइक घेतच नाहीत आणि मोबाईलचाच माइक वापरतात. घेतलाच तर जुन्या उपकरणांत आवाजाचे नमुने सेकंदास ८,००० इतकेच घेतले जातात, आणि तेणेकरून ४,००० कंपनांच्या वरचा सर्व ध्वनी गळून पडतो. फोनवरील निरोपास एवढे पुरते. बोलीच्या नोंदीस पुरत नाही. ‘स’ व ‘श’ यांतील भेद, ‘चार’ ह्या संख्येतील ‘च’ व ‘चारा’ यातील ‘च’ यांचा भेद, दुनिया ह्या अर्थाचे ‘जग’ व ‘जगणे’ यांतील ‘ज’ चा भेद, हे मुख्यतः ह्या वरच्या सीत्कारी ध्वनींतच असतात. पुढे कोणी अभ्यासकाने ते मुद्रण ऐकून आरोंद्याच्या बोलीत हा उच्चार कसा होता असे विचारले, तर त्याचे उत्तर त्यात सापडणार नाही.

७. नखाची परीक्षा

जोडणी खरी की खोटी हे ठरविण्याची एक साधी परीक्षा आहे. ती प्रत्येक बैठकीपूर्वी, त्याच मोबाईलवर, त्याच ॲपमध्ये करावी.

मुद्रण सुरू करावे. प्रथम बाहेरच्या माइकच्या जाळीवर नखाने हळूच तीन वेळा खरवडावे व तोंडाने ‘माइक’ असे म्हणावे. नंतर मोबाईलच्या खालच्या कडेवर, जेथे त्याचा स्वतःचा माइक असतो तेथे, तितकेच हळू तीन वेळा खरवडावे व ‘मोबाईल’ असे म्हणावे. मुद्रण थांबवून, माइक काढून, हेडफोन लावून ते ऐकावे. पहिले खरवडणे कानाजवळ मोठ्याने व दुसरे अस्पष्ट ऐकू आले तर जोडणी खरी. उलट झाले तर मोबाईल स्वतःचाच माइक वापरीत आहे; पिन, स्प्लिटर, सरकते बटण व कव्हर ही चारही ठिकाणे क्रमाने तपासावीत. पडद्यावर हालणाऱ्या रेघांवर विसंबू नये. त्या कोणत्याही माइकच्या आवाजाने हालतात.

एका ॲपमध्ये बाहेरचा माइक चालतो म्हणून दुसऱ्यात चालेलच असे नाही. चित्रीकरण करावयाचे असल्यास कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये ही परीक्षा पुन्हा करावी.

८. बैठकीची तयारी

मुद्रणापूर्वी मोबाईल पूर्ण चार्ज करावा व मुद्रण चालू असता चार्जर काढून ठेवावा. तो लावलेला असला की आवाजात सारखी गुणगुण येते. मोबाईल विमान-स्थितीत, म्हणजे फ्लाइट मोडमध्ये, ठेवावा. त्यामुळे मध्येच फोन येऊन मुद्रण तुटत नाही आणि वायरीत येणारी टर्र-टर्रही टळते.

जागा निवडताना डोळ्यांपेक्षा कानांचे ऐकावे. चिऱ्याच्या भिंतींची रिकामी खोली घुमते. अंथरूण, गोधड्या, कपडे असलेले माजघर घुमत नाही. पावसाळ्यात पत्र्याखाली मुद्रण करण्यात अर्थ नाही. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून पडवीत बसावयाचे झाल्यास सकाळची वेळ साधावी व माइकवर त्याची स्पंजाची टोपी घालावी. पंखा बंद करावा. फार उकडत असेल तर मुद्रणाच्या मधल्या विश्रांतीत तो चालवावा.

कॉलर माइक हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर लावावा. मंगळसूत्र, बांगड्या व पदराची घडी त्यावर घासणार नाही हे पाहावे. वायर एकदा सैल वळवून चिमट्यात अडकवावी, म्हणजे हालचालीचा खरखराट माइकपर्यंत पोहोचत नाही.

फुगडी किंवा धालो यांसारख्या सामुदायिक गाण्यात एकाच बाईच्या पदरास माइक लावू नये. तसे केल्यास तिचाच आवाज येतो व बाकीच्यांचा जबाब हरवतो. माइक काठीस बांधून सर्वांच्या मध्ये, डोक्याच्या उंचीवर धरावा. दशावताराच्या वेळी उलट अडचण येते. मृदंग व झांज यांचा आवाज इतका मोठा असतो की तो मुद्रणात फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर दुरुस्त करता येत नाही. माइक वाद्यांपासून तीन-चार मीटर दूर, गाणाऱ्याच्या अंगास ठेवावा. झांज सर्वांत जोराने वाजेल तेव्हाचे अर्धे मिनिट मुद्रित करून ऐकावे, व आवाज फाटत असेल तर आणखी मागे सरावे.

आरंभी गाणाऱ्या व्यक्तीची परवानगी घ्यावी, आणि ती मुद्रणातही ऐकू यावी. हे मुद्रण कशासाठी आहे, ते कोणास ऐकविले जाईल, हे तिला समजेल अशा भाषेत सांगावे. त्यानंतर गावाचे व वाडीचे नाव, तारीख, गाणे कोणत्या प्रसंगीचे आहे व ते कोणाकडून शिकले, एवढे तिच्याच तोंडून वदवून घ्यावे. वहीतील नोंद हरवली तरी ही नोंद आवाजाबरोबर राहते. एखादे गाणे विशिष्ट विधीखेरीज म्हणावयाचे नसते, असे कोणी सांगितल्यास आग्रह धरू नये. मध्येच विसर पडला तर शब्द सुचवू नयेत. आठवण्यास वेळ द्यावा. पहिल्या गाण्यानंतर थांबून ते ऐकून पाहावे. पुष्कळ माणसांनी स्वतःचा आवाज कधी ऐकलेला नसतो, आणि तो ऐकल्यावर त्यांस दुसरे गाणेही आठवते.

९. मुद्रण कसे ठेवावे?

जुन्या मोबाईलमधील मूळचे मुद्रणाचे ॲप पुष्कळदा एएमआर ह्या प्रकारात मुद्रण करते. त्यात एक तास सुमारे साडेपाच एमबीत मावतो, पण त्यातही सेकंदास ८,००० नमुन्यांचीच मर्यादा असते आणि वर सांगितलेले उच्चारांचे भेद हरपतात. मुद्रणाच्या सेटिंगमध्ये वेव्ह हा प्रकार व सेकंदास ४४,१०० नमुने निवडावेत. एका माइकचे, म्हणजे मोनो, मुद्रण त्या रीतीने तासाला सुमारे ३१८ एमबी जागा घेते. जागा फारच कमी असेल तर १२८ केबीपीएस दराने एएसी हा प्रकार चालेल. त्यास तासाला सुमारे ५८ एमबी लागतात.

व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप म्हणून केलेले मुद्रण आवळले जाते. एखाद्यास मुद्रण पाठवावयाचे असल्यास ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, म्हणजे मूळ जसेच्या तसे जाते. जुन्या मोबाईलच्या स्मृतीवर मात्र एक दिवसही विश्वास ठेवू नये. त्याच संध्याकाळी एक प्रत शाळेच्या संगणकावर, दुसरी पेनड्राइव्हवर व तिसरी अन्य इमारतीत ठेवावी. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस, गाव व गाण्याचा प्रकार ह्या क्रमाने तपशील लिहावा, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. एक प्रत गाणाऱ्या व्यक्तीच्या घरी द्यावी. ती देणे हे ऋण फेडणे होय, आणि पुष्कळदा तीच प्रत सर्वांत जास्त दिवस जपली जाते.

१०. समुद्रकाठची निगा

खाऱ्या हवेने पिनेवर हिरवट-काळा थर चढतो व आवाज तुटक येऊ लागतो. पिन महिन्यातून एकदा कोरड्या सुती कापडाने, आणि थर जुना असल्यास थोड्या स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी. मोबाईलच्या सॉकेटात खिशातील धूळ व कापूस साचतो. त्यामुळे पिन आतपर्यंत जात नाही. मोबाईल बंद करून लाकडी दातकोरणीने तो अलगद काढावा. सुई किंवा टाचणी कधी घालू नये. माइक घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावा. वायर मोबाईलभोवती आवळून गुंडाळू नये. ती पिनेच्या बुडाशीच तुटते.

११. शाळेतील उपयोग

पुण्याचे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन गावोगावच्या बोलणाऱ्यांची कथने ध्वनिमुद्रित केली व ती सर्वांस ऐकता येतील अशी ठेवली आहेत. एवढे मोठे काम एका शाळेस शक्य नाही; परंतु एका वाडीचे काम एका शाळेस निश्चित शक्य आहे, आणि गुरुजींना वा बाईंना ज्या घरात पाटावर बसवून चहा दिला जातो त्या घरात परक्या अभ्यासकापेक्षा माणसे मोकळेपणाने गातात.

चौथी-पाचवीच्या मुलांकडे पिनेवरील रेघा मोजण्याचे, नखाची परीक्षा करण्याचे व फाइलला नाव देण्याचे काम द्यावे. ती हे चटकन शिकतात, आणि विद्युत्-मार्ग म्हणजे काय, ध्वनीची कंपने म्हणजे काय, हे त्यांस पुस्तकातील आकृतीपेक्षा येथे लवकर कळते. मुद्रण वर्गात ऐकवून त्यातील ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ असे शब्द फळ्यावर लिहावेत व त्यांशेजारी प्रमाण मराठीतील शब्द लिहून घ्यावेत. घरची भाषा अशुद्ध नसून वेगळी आहे, ही गोष्ट स्वतःच्या आजीचा आवाज वर्गातील कर्ण्यातून ऐकलेल्या मुलास निराळी समजावून सांगावी लागत नाही.

आरंभ एका आजीपासून व एका पाळण्यापासून करावा. आधी रेघा मोजाव्यात, मग नखाची परीक्षा करावी, आणि मगच त्यांस ‘आता म्हणा’ असे सांगावे.